चुल्तेमच्या गाड्यांतला ललकारीवाला

उलानबातरच्या गाडीबाजारात एका लोखंडी कंटेनरमध्ये चुल्तेमचं दुकान होतं. जपानहून जुनी गाडी आली की लोक ती आधी त्याच्याकडे आणत, कारण गाडी मंगोलियात पोचली तरी तिला ते पटलेलं नसे. वाट दाखवणाऱ्या यंत्रात नकाशावरचा बाण भर समुद्रात उभा. टीव्हीवर नुसत्या मुंग्या. किल्ली फिरवली की एक बाई गोड आवाजात जपानीत काहीतरी सांगे, आणि म्हातारेकोतारे तिला मान लववून उत्तर देत.

चुल्तेमला जपानी ओ की ठो कळत नव्हतं. उभा जन्म सरकारी ट्रक हाकण्यात गेलेला. पण त्यानं त्या अक्षरांना आपली नावं ठेवली होती. "छत्रीखाली तंबू दिसला की दाबायचं, शिंगं रोखलेला बोकड आला की हात आखडायचा," असं पुटपुटत तो बटणं दाबी आणि यंत्र सुतासारखं सरळ करी. टीव्हीच्या बाबतीत मात्र तो हट्टी होता. चालत्या गाडीत चित्र बंद, फक्त आवाज. नादमच्या जत्रेतल्या कुस्त्या बघता बघता तो स्वतः एकदा कलिंगडांच्या ढिगात घुसला होता.

मंगोलियाचा नकाशा त्यानं यंत्रात बसवला. अडलं ते आवाजापाशी. जपानी बाई गेली, आता वाट सांगणार कोण?

"आमचा दादा आहे की," त्याची बायको सेवजिद म्हणाली. "त्याच्याएवढा गळा आहे कुणाचा?"

गळ्याबद्दल वाद नव्हता. दाशझेवेग कुस्तीच्या मैदानातला भालदार. तीस वर्षं त्यानं पैलवानांच्या टोप्या हातात धरून त्यांच्या पदव्यांची ललकारी दिली होती. आता निवृत्त होऊन तो घरात चहालाही ललकारूनच बोलवायचा.

तो कंटेनरमध्ये आला, नवा रेशमी देल, पायघोळ अंगरखा, घालून. चुल्तेमनं कागद पुढे केला. त्यावर लिहिलं होतं, 'उजवीकडे वळा.'

दाशझेवेगनं कागद उलटून पाहिला. "पुढचं कुठाय?"

"एवढंच आहे, दादा."

"दाजी, एवढ्यासाठी मला बोलावलंत? हे तर बकरीसुद्धा सांगेल."

मग त्यानं छाती भरून घेतली. "अथांग निळ्या आभाळाखाली, वाऱ्याला मागं टाकणाऱ्या, चार चाकांवर डौलानं चालणाऱ्या, सर्वांच्या डोळ्यांचं पारणं फेडणाऱ्या महाबलाढ्या, उजवीकडे वळ." कंटेनरचा पत्रा थरथरला. शेजारचा टायरवाला धावत बघायला आला.

चुल्तेमनं पुष्कळ विनवलं. दाशझेवेग एक शब्द कमी करायला तयार होईना. शेवटी सगळी वाक्यं तशीच भरली गेली.

पहिली गाडी दातांच्या डॉक्टर ओयुनगेरेल यांची. त्या सकाळी घेऊन गेल्या आणि दुपारी परत आल्या त्या लाल चेहऱ्यानं.

"चुल्तेम, मला दवाखान्यात जायचं होतं. मी नलायखला पोचले."

"नलायखला? ते तर शहराबाहेर."

"तुमचा तो माणूस 'अथांग आभाळाखाली' म्हणेपर्यंत चौक मागं पडतो. आभाळ संपतं तोवर दुसरा चौक येतो, त्याचं आभाळ सुरू होतं. दाढ सुजलेला एक माणूस तिकडे बसून राहिला माझ्यासाठी."

चुल्तेम खजील झाला. "आत्ता काढून टाकतो, ताई."

डॉक्टरबाई जरा घुटमळल्या. मग हळूच म्हणाल्या, "सगळं नका काढू. वीस वर्षं दात उपटतेय मी. महाबलाढ्या कुणी म्हटलं नाही आजवर."

त्या संध्याकाळी चुल्तेमनं मेहुण्यासमोर तह मांडला. वळण आधी, तेही एका शब्दात. ललकारी मुक्कामाला पोचल्यावर, हवी तेवढी लांब.

"मैदानातसुद्धा कुस्ती आधी, विजयाचं गरुडनृत्य मागून," सेवजिदनं टेकू दिला. "जिंकल्याशिवाय नाचतं का कुणी?"

दाशझेवेगला हे पटलं. कुरकुरत का होईना, त्यानं 'डावीकडे' हा शब्द एकटा म्हटला. चेहरा मात्र असा, की कुणी भर चौकात टोपी उतरवायला लावली आहे.

बाजारात बोभाटा झाला. पंधरा दिवसांत टॅक्सीवाले रांग लावू लागले. दाराशी पोचल्यावर गाडीनं आपल्या नावाचा डंका वाजवला की गिऱ्हाईक खुशीत उतरायचं. एक जण तर मुद्दाम सासऱ्याच्या घराला दोन फेऱ्या मारून दोनदा पोचला.

दाशझेवेगचे पाय जमिनीवर ठरेनात. पण एका सकाळी तो सेवजिदच्या बुझच्या, म्हणजे वाफवलेल्या मटण-मोदकांच्या, टपरीवर येऊन टोपी काढून धप्पकन बसला. तिनं दुधाचा चहा पुढे केला. "काय झालं, दादा?"

"टॅक्सीनं आलो. माझ्याच आवाजाची निघाली. चौकात तो आवाज म्हणाला डावीकडे. मी म्हटलं, उजवीकडून जवळ आहे. ड्रायव्हर ऐकेचना."

"मग?"

"मी म्हटलं, पोरा, तो मीच आहे. तर मला म्हणतो, बाबा, तुम्ही गप्प बसा, त्या माणसाला रस्ते माहीत आहेत."

शेजारी न्याहारीला बसलेल्या चुल्तेमनं हसू दाबायला बुझ तोंडात कोंबला आणि जीभ भाजून घेतली.

"आणि पोचलास का नीट?" सेवजिदनं विचारलं.

"पोचलो," दाशझेवेग म्हणाला. "डावीकडूनच जवळ होतं." मग चहाचा घोट घेऊन, जरा आवाज उतरवून पुढे म्हणाला, "ललकारी मात्र बरी दिलीय मी. खाली उतरवेना ती संपेपर्यंत."