एका मुलामागे किती डेसिबल?

“मॅडम, जनरेटरला बसवतात तसा सायलेन्सर मुलांना बसवता येईल का?”

मुलुंडच्या एका सोसायटीच्या ऑफिसात सेक्रेटरी कांबळे सरांनी मला हे विचारलं. त्यांच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं, म्हणून मीही हसले नाही.

मी आवाज मोजते. गच्चीवरचा एसी प्लांट, लिफ्टची मोटर, जनरेटर, कुठे काही खडखडत असलं की लोक मला बोलावतात. मी साउंड लेव्हल मीटर लावते आणि किती डेसिबल ते लिहून देते. मुलं मोजायला मात्र पहिल्यांदाच आले होते.

तक्रार पहिल्या मजल्यावरच्या परब काकांची. गोदीत क्रेन चालवून निवृत्त झालेले, गुडघ्यांमुळे जिना उतरणं बंद. खाली कंपाउंडमध्ये रोज संध्याकाळी मुलं क्रिकेट खेळायची आणि काका रोज कमिटीला पत्र लिहायचे. तीन वर्षं. शेवटी कमिटीने ठरवलं, रविवारच्या मीटिंगमध्ये कंपाउंडमध्ये खेळण्यावर बंदीचा ठराव आणायचा. मुलांना दुसरी जागा नव्हती. जवळचं मैदान भोवती पत्रे ठोकून कधीपासून बंद केलेलं. ठराव माझ्या रिपोर्टवर अवलंबून होता.

ट्रेझरर गाला भाई वही उघडून बसले. “एका मुलामागे किती डेसिबल पकडायचे? म्हणजे आपण लिमिट ठेवू. रोज आठ मुलं, दहा मुलं.”

“तशी बेरीज होत नाही,” मी म्हटलं. “एक मूल ऐंशी डेसिबलने ओरडलं आणि शेजारी दुसरं तेवढंच ओरडलं, तर एकशे साठ होत नाहीत. त्र्याऐंशी होतात.”

“दुसरा मुलगा फक्त तीन?”

“हो. आणि चार मुलं ओरडली तर शहाऐंशी.”

गाला भाईंनी पेन खाली ठेवलं. “म्हणजे खरा प्रॉब्लेम पहिल्या मुलाचा आहे.”

“मग पहिल्याला खालीच उतरू द्यायचं नाही,” कांबळे सर म्हणाले. दोघांनी माझ्याकडे पाहिलं. मी मीटरची बॅग उचलली आणि खाली गेले.

पहिल्या दिवशी चूक माझीच झाली. स्टँडवर मीटर लावत होते तर स्वरा नावाची अकरा वर्षांची मुलगी आली. ही त्यांची कॅप्टन. “आंटी, हे काय आहे?”

“आवाज मोजायचं यंत्र.”

“ओरडलं की नंबर वाढतो?”

“वाढतो,” मी म्हटलं. खरं सांगायची गरज नव्हती.

पाच मिनिटांत मीटरपुढे रांग लागली. दहा मिनिटांत टुर्नामेंट सुरू झाली. स्वराने पायाने रेघ ओढली, रेघेमागून ओरडायचं, प्रत्येकाला एकच चान्स. चार वर्षांचा ओम लिंबूटिंबू, म्हणून त्याला रेघेच्या पुढे येऊन ओरडायची परवानगी. त्यावर दोघांनी हरकत घेतली, वाद झाला, मतदान झालं, निकाल लागला. ज्या कमिटीला पार्किंगचा नियम दोन वर्षांत ठरवता आला नव्हता, तिच्या खिडकीखाली हे सगळं चाललं होतं. फायनल ओमनेच जिंकली. माझ्या त्या दिवसाच्या रीडिंगचा मात्र काही उपयोग नव्हता.

कांबळे सर चिडले. त्यांनी मुलांना बोलावून दम दिला, “उद्या मीटरमध्ये आवाज जास्त आला ना, तर खेळ कायमचा बंद!”

दुसऱ्या दिवशी मी मीटर परब काकांच्या गॅलरीत लावला. नियमच आहे, ज्याला त्रास होतो त्याच्या खिडकीत मोजायचं. काका शेजारी खुर्ची टाकून बसले. “आता बघा,” म्हणाले. “कान फुटतले तुमचे.”

पाच वाजता मुलं खाली आली आणि खेळ सुरू झाला. एक शब्द नाही. चपला काढून ठेवलेल्या. बॅटला मोजा चढवलेला, बॉल स्पंजचा. अपील करायचं तर सगळ्यांनी दोन्ही हात वर करून उड्या मारायच्या. चौकार गेला की दात दाखवून नाचायचं. स्वराने एका मुलाला रनआऊट केलं, त्याने क्रीझ सोडायला नकार दिला आणि पाच मिनिटं घनघोर भांडण झालं, सगळं हातवाऱ्यांनी. ओमला हसू आवरेना तेव्हा एकीने त्याच्या तोंडावर हात दाबून धरला.

मीटरवर अठ्ठावन्न. तेही बाहेरच्या रस्त्यावरच्या रिक्षांचे.

मग तिसऱ्या मजल्यावरून एक आई ओरडली, “काय झालं रे? कोण पडलं?” कोणी उत्तर देईना. चौथ्या मजल्यावरून दुसरी, “अगं, आवाज का नाही येत मुलांचा?” खिडक्या धडाधड उघडल्या. “स्वरा! बोल ना! काय झालंय?” स्वराने ओठांवर बोट ठेवलं. त्याने आया आणखी घाबरल्या. एक आजोबा बनियनवर धावत खाली आले. वॉचमनने कारण न कळताच शिट्टी फुंकली.

इकडे काका खुर्चीतून अर्धे उठले होते. मान डावीकडे, मान उजवीकडे. आंब्याच्या फांदीमुळे त्यांच्या जागेवरून क्रीझ दिसत नव्हती, इतकी वर्षं ते कानांवरच मॅच बघत आले होते. भांडण संपेना तसा त्यांचा धीर सुटला. गॅलरीचे गज धरून ते ओरडले, “मेल्यांनो, औट झालो काय नाय तो?”

एकशे दोन. त्या आठवड्यातलं सगळ्यात मोठं रीडिंग. मीटर त्यांच्या तोंडापासून हातभर अंतरावर होता, हेही मी रिपोर्टमध्ये प्रामाणिकपणे लिहिलं.

खालून स्वराचा आवाज आला, दिवसातला पहिला. “आऊट आहे, काका!”

“मगे सांगूक काय होता?” म्हणून काका खाली बसले. थोड्या वेळाने माझ्याकडे न बघता म्हणाले, “चहा घेणार?”

तिसऱ्या दिवशी मी कोणाला न सांगता नीट मोजलं. मुलांचा आवाज रस्त्यापेक्षा वर जात होता, पण थोडा वेळ आणि थोडाच. रविवारी कांबळे सरांनी रिपोर्ट वाचून दाखवला. एकशे दोनपाशी थांबून त्यांनी काकांकडे पाहिलं. गुडघे धरत धरत काका त्या दिवशी खाली आले होते. म्हणाले, “माझी तक्रार मागे घेतलंय. पुढचा वाचा.”

बंदीचा ठराव बारगळला. त्याच्या जागी आयांनी दुसरा आणला आणि तो एकमताने पास झाला: मुलांनी संध्याकाळी पाच ते सात खेळावं, आणि आवाज न करता खेळू नये.

माझ्या धंद्यात यातून एकच फरक पडला. हल्ली मी तक्रार करणाऱ्याकडे आधी चहाला जाते. त्याला आवाज बंद हवाय की नीट ऐकू यायला हवाय, हे विचारून घेते. मीटर नंतर.