उघडं दार

रोहण्याजवळच्या जिनिंगमध्ये रुईच्या गाठी बांधायच्या प्रेसवर मी एकतीस वर्षं काम केलं. प्रेसचं दार उघडं असताना ती खाली आली, तर आत गेलेला हात परत येत नाही. म्हणून पाळीआधी दार मुद्दाम उघडं ठेवून बटण दाबायचं, हा नेम. प्रेस हलली नाही तरच काम.

प्रेस चालवणाऱ्या नव्या पॅनेलचा प्रोग्राम वर्ध्याच्या रंजिता मेश्रामनं लिहिला. ती बसवायला आली तेव्हा मॅनेजर नानाजींनी चाचणी घ्यायला मला बोलावलं. बाहेर कापसाच्या गाड्या लागलेल्या. मी दार उघडलं, सगळ्यांना मागे घेतलं, रंजिताला बटण दाबायला सांगितलं. प्रेस खाली आली.

तिनं आधी मेन स्विच पाडला, मग लॅपटॉप उघडला. चूक अर्ध्या तासात सापडली. टेबलावर चाचणी घेताना दार नसतं. म्हणून लॅपटॉपमध्ये एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल, म्हणजे नाव दिलेली एक खूण, ठेवायची. बिल्ड करताना, म्हणजे पॅनेलमध्ये भरायचा प्रोग्राम तयार करताना, ती खूण असली, की दार तपासणारा भाग प्रोग्राममध्ये जातच नाही. चाचणी संपली, खूण राहून गेली. प्रेसचा बिल्ड त्याच लॅपटॉपवर झाला.

"टेबलाले दार नाई, म्हणून प्रेसलेबी नाई?" आता प्रेस चालवणारे बंडूजी म्हणाले.

नानाजी म्हणाले, "आजच्या दिवस चालू द्या, ताई. माणसं सांभाळून करतीन."

"हात गेला तर सांभाळून करणाऱ्याचा जाईन, नानाजी. माहा नाई," रंजिता म्हणाली.

खूण पुसून लगेच नवा बिल्ड झाला असता. पण जे एकदा विसरलं ते पुन्हा विसरेल, असं तिचं म्हणणं. आता व्हेरिएबलमध्ये 'टेबल' की 'प्रेस' हे लिहिलंच पाहिजे; रिकामं असलं तर बिल्ड अडतो. 'टेबल' लिहिलं, तर मोटर चालवायचा भागही गळतो, म्हणजे तो बिल्ड चुकून प्रेसवर गेला तरी प्रेस हलत नाही. यात तीन तास गेले. ती जेवायला उठली नाही.

मग दार उघडून बटण दाबलं. प्रेस हलली नाही. मला पुरे वाटलं. तिनं वीस वेळा करायचं ठरवलं, दार कमी-जास्त उघडून. चौदाव्या वेळी दोन बोटांची फट होती आणि प्रेस किंचित हलली. प्रोग्राम बरोबर होता. दार बंद आहे का ते पॅनेलला कळवणारा दाराचा स्विच सैल होता. बंडूजींनी तो आवळला.

"पंधरा," नानाजी म्हणाले.

"एक," रंजिता म्हणाली, आणि दार उघडलं.