समोरच्या काकांचा मतदारसंघ

आमच्या समोरचे काका रिटायर्ड इंजिनिअर. कॅनडातल्या या कोक्विटलाममध्ये त्यांना तीस वर्षं झाली. निवडणूक लागली की ते मला ड्राइव्हवेवर गाठतात आणि आमच्या मतदारसंघातलं एकेक घर समजावून सांगतात.

"त्या इराणी डॉक्टरीणबाईंच्या लॉनवर पाटी एका उमेदवाराची आहे, मत दुसऱ्याला जाणार. पाटी नवऱ्याने लावलीय. पलीकडचे कोरियन आजोबा टॅक्स बघून देतील. कोपऱ्यावरचे सरदारजी शेवटच्या दिवशी ठरवतात, त्यांना आत्ताच छेडू नकोस. लिहून घे."

मी कधीच लिहून घेत नाही. तरी त्यांचे अंदाज बहुतेक बरोबर येतात, आणि याचा मला थोडा रागच येतो.

मतदानाच्या दिवशी मी म्हटलं, "काका, चला, बरोबरच जाऊ."

"मला कुठलं मत? मी अजून पीआरवरच, इथला नागरिक झालोच नाही. इंडियाचा पासपोर्ट सोडवत नाही रे. आमच्या घरात मत एकच, हिचं."

तोवर काकू कोट घालून माझ्या गाडीत बसल्यासुद्धा होत्या.

"मग काकू कुणाला देतात?"

काकांचा आवाज एकदम खाली आला. "एवढ्या निवडणुका झाल्या, एकदाही सांगितलं नाही."

गाडी वळणावर आल्यावर काकू स्वतःहूनच म्हणाल्या, "सांगितलं असतं रे. पण निवडणूक लागली की महिनाभर सकाळचा चहा तेच करून आणतात."