लोखंड नसलेला कॅमेरा

मी पायाळू. म्हणजे जन्मताना डोक्याऐवजी माझे पाय आधी बाहेर आले. पायाळू माणसावर वीज पडते अशी आमच्या अणदूरकडं पक्की समजूत, आणि मायची तर सगळ्यांहून पक्की. आभाळ गडगडलं की ती विळा-कोयता अंगणात भिरकावून द्यायची. वीज पडायचीच तर लोखंडावर पडू दे. मग दारं-खिडक्या लावून मला खाटेवर बसवायची आणि स्वतः शेजारी बसायची. मला मिशा फुटल्या, मी शाळेत मास्तर झालो, तरी यात फरक पडला नाही. विजांचा कडकडाट जन्मभर ऐकला, पण धड एक वीज डोळ्यांनी पाहिली नव्हती. मला याचा भयंकर राग यायचा.

शेवटी ठरवलं, कॅमेरा घ्यायचा. आपल्याला बघता येत नाही तर त्यानं बघावं. एका मासिकात वाचलं होतं की अंधारात कॅमेऱ्याचा डोळा उघडा ठेवून वाट बघायची. वीज येते आणि आपलं चित्र आपणच काढून जाते. माय आधी नाही म्हणाली. चार दिवस मी तोंड पाडून जेवलो तेव्हा म्हणाली, "घे बाबा. पण लोखंडाचा नगं. घरात इजंला आवतन नगं."

सोलापूरला नवे कॅमेरे मिळायचे, पण तो इंग्रजांचा मुलूख. तिथून आमच्याकडं काही आणायचं तर निजामाच्या नाक्यावर करोडगिरी, म्हणजे जकात, भरा. मास्तराच्या पगारात हे बसणारं नव्हतं. म्हणून मी शाळेतला चुंबक खिशात घालून नळदुर्ग गाठलं. तिथं एका वयस्क चाचांचं फोटोचं दुकान होतं आणि ते जुने कॅमेरेही विकायचे.

चाचांनी दोन कॅमेरे पुढं ठेवले. एक घडीचा, चकचकीत, उघडला की पुढं भाता येणारा. दुसरा नुसता काळा चौकोनी डबा. चाचांना घडीचा खपवायचा होता, आणि खरं सांगायचं तर माझाही जीव त्याच्यावरच बसला होता. पण त्याची पाठ उघडून आरपार बघत कळ दाबली, तर उजेड दिसतो न दिसतो तोच गेला. कितीही दाबून धरा, डोळा उघडा म्हणून राहीना. डब्याची दांडी वर ओढली तेव्हा मात्र उजेडाचा गोल दांडी खाली करेपर्यंत तसाच राहिला. मग मी चुंबक काढला. घडीच्या कॅमेऱ्याला तो टक्कन चिकटला. डबा पुठ्ठ्याचा निघाला. फक्त दांडीपाशी थोडी ओढ लागली.

"मास्तर, कॅमेरा लेने आये या घोडे की नाल ढूंडने?" चाचांनी विचारलं.

मी पायाळू असल्याचं सांगितलं तसा त्यांचा चेहरा उजळला. काळ्या फडक्याखाली वाकून वाकून त्यांच्या पाठीत चमक भरली होती, आणि पायाळूचा पाय लागला की चमक जाते हेही सगळ्या मुलखाला ठाऊक. ते दुकानातच पालथे झाले. वडीलधाऱ्याला पाय कसा लावायचा? मी आधी हात जोडले, मग पाय लावला. "और जरा," चाचा म्हणाले. उठून त्यांनी कंबर हलवून बघितली आणि मी तोंड उघडायच्या आत डब्याची किंमत निम्मी केली. वर एक फिल्मही दिली. पायाळूपणानं मला मिळवून दिलेलं एवढंच.

घरी मायनं डब्यावर पुन्हा चुंबक फिरवला. दांडीपाशी थांबली. "एवढं चालंल," म्हणाली, "पण हात म्या लावीन. तू आतच."

वैशाखाच्या अवसेला दिवेलागण झाल्यावर आभाळ घुमू लागलं. अंगणात तिवईवर डबा ठेवला, पुढून खाली खापर सारलं, म्हणजे त्याचं तोंड वर झालं. मायला शिकवलं होतं: दांडी ओढून आत यायचं, मोठी वीज झाली की जाऊन दांडी खाली करायची. ती गेली आणि दार बाहेरून ओढून घेतलं. एक कडाडली. दुसरी कडाडली. माय येईना. पहिल्यांदाच मला विजेची भीती वाटली.

"माय, आत ये की."

"थांब रं," बाहेरून आवाज आला.

टपोरे थेंब पडू लागले तेव्हा ती डबा पदराखाली धरून आली. "दांडी अडकली हुती," म्हणाली.

पुढं चाचांनी फोटो धुऊन माझ्या हातात दिला. "बिजली तो आयी, मास्तर. मगर ये कौन?"

आभाळभर वीज फुटली होती. आणि खाली, एका कडेला, मायची काळी आकृती उभी होती. चारचौघांत डोक्यावरचा पदर कधी ढळू न देणारी माझी माय, आणि तो पदर खांद्यावर पडलेला आणि तोंड वर आभाळाकडं.

घरी जाऊन फोटो तिच्यापुढं धरला. ती लाजली. "तुला भ्या वाटलं न्हाय?" मी विचारलं.

"मला कशाचं भ्या? म्या काय पायाळू हाय? ल्हानपनी आमी पोरी अंगणात बसून इजा बघायचो. लई आवडायच्या मला."

"मग इतकी वर्षं कधी बघितल्या न्हाइत?"

"तू आत हुतास की," ती म्हणाली आणि चुलीकडं गेली.

पुढच्या वळवाला मीच तिला बाहेर पाठवलं. विळा-कोयता अंगणात, मी खाटेवर, आणि माय दाराबाहेर पाटावर. "आता नळदुर्गाच्या अंगाला झाली," ती सांगायची. "आता लई लांबडी. तिला तीन फांद्या फुटल्या बघ." मी आत बसून बघत होतो.