कूलरमधला मामा

धाडच्या स्टँडवर एस.टी. सुटायला आली होती आणि आई खिडकीखाली उभी राहून, कोणी ऐकेल याची पर्वा न करता विचारत होती, "उंदीर कितीक दिवसाआड देऊ त्याले?" बाजूच्या सीटवरच्या बाईनं माझ्याकडे असं पाहिलं की बस्स. बाकी पोरींच्या आया अशा वेळी डोळ्याला पदर लावतात. माझी आई सापाच्या जेवणाचं विचारत होती.

"आठवड्यातून एक," मी म्हटलं. "अन् दूध देजो नको. काही झालं तरी नाही."

"हाव वं, समजते मले."

गाडी हलली. बुलढाण्याहून झूलॉजीत बी.एस्सी. करून मी पुढं शिकायला पुण्याला निघाले होते.

गावाकडच्या लोकांना हे नवीन नाही, पण माझ्यासारखे बाहेर पडलेले वाचतील म्हणून सांगते. लहानपणी आपण सगळेच आगपेटीत सोनकिडे ठेवायचो, बाभळीचा पाला घालून. बाकीच्यांचं ते वेड सुटलं, माझं वाढलं. कॉलेजात असताना लोणच्याच्या बरण्यांशेजारी माझ्या प्रार्थनाकिड्यांच्या बरण्या असायच्या. "हे घर हाय का वारूळ?" आई करवादायची, पण झाकणांना भोकं तीच पाडून द्यायची. मग एकदा बाबांनी शेतातून पोत्यात धामणीचं पिल्लू आणलं. वखराची लोखंडी पास लागून पाठ फाटली होती. साप पाळणं कायद्यात बसत नाही, बरा झाला की सोडून दे, असं कॉलेजातल्या सरांनी बजावलं होतं. पण कात टाकली की जखम पुन्हा उघडी पडायची, आणि मुक्काम लांबत गेला. जुन्या कूलरच्या डब्याला जाळी ठोकून त्यात तो राहायचा.

आईला भाऊ नाही. नागपंचमीच्या आदल्या दिवशी गावातल्या बाया भावासाठी उपास धरतात, तोही ती धरायची. कोणासाठी, असं कोणी विचारलं की म्हणायची, "जिले भाऊ नाही, तिचा भाऊ नाग." लग्नाआधीपासून ती वारुळाला लाह्या-दूध वाहत आली होती, आणि आता भाऊ खुद्द घरी चालून आला होता. तिची भीती कुठं पळाली कोण जाणे. "तुहा मामा जेवला का वं?" असं मला विचारायची. मी हसायचे.

पुण्यात मी आगपेटीत दोन सोनकिडे घेऊन आले होते. पीजीतली रूममेट अशी किंचाळली की मालकीण जिना चढून वर आली. सोसायटीत बाभूळ कुठली? मेले बिचारे. माझं 'मले' ऐकून पोरी फिदीफिदी हसायच्या, म्हणून 'मला' शिकले. शिक्षण संपलं, आता पेस्ट कंट्रोलच्या ऑफिसात आहे. झुरळांना कोणती जेल, वाळवीला कोणता स्प्रे, हे दिवसभर फोनवर सांगते. किड्यांवर जीव लावणारी पोरगी किडे मारायचा पगार घेते. थू असल्या जगण्यावर, असं रोज वाटतं, आणि रोज लॉग-इन करते.

मी पुण्याला आल्यानंतरच्या पहिल्याच पंचमीला आईचा फोन आला होता. आवाज ओळखू येईना. "पाजलं वं मी. साऱ्या बाया वारुळाले गेल्या. माहा भाऊ घरात, अन् सणाच्या दिवशी कोरडा ठेवू? जीवच नाही झाला."

तो पीत नव्हता. म्हणून तिनं फळीवरून बोंडलं काढलं, ज्यानं तान्हेपणी मला दूध पाजलं होतं, आणि त्याचं तोंड धरून थोडं थोडं घातलं. दूध श्वासनळीत गेलं.

तेव्हापासून आमच्या घरी पंचमी नाही. बाया बोलवायला आल्या की आई म्हणते, "माहा भाऊ गेला. माह्या हातानं गेला." जेवायला बसते आणि दोन घासांत उठते. बाबांनी बुलढाण्याला डॉक्टर केला, गोळ्या चालू आहेत. चल पुण्याला म्हटलं की मान हलवते. कूलर बाबांनी भंगारात द्यायला काढला, तर ती त्यांच्या अंगावर धावली. तो अजून पडवीत आहे.

मागल्या पंचमीला मी मुद्दाम रजा टाकून गेले. आई पडवीत कूलरकडे पाठ करून बसली होती. म्हणाली, "त्याचे डोये मिटले नाही वं. मी हात फिरवला, तरी मिटले नाही. काही इच्छा राह्यली असन त्याची."

मला एकदम हुरूप आला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझं शिक्षण तिच्या कामी येणार होतं! मी तिचे हात धरून सांगितलं, आई, इच्छा वगैरे काही नाही. सापाला पापण्याच नसतात. तो झोपेतही डोळे मिटत नाही, जन्मभर उघडेच असतात.

"हाव का?" ती म्हणाली. चेहरा जरा हलला. वाटलं, सुटली बाई एकदाची.

मग तिनं हात काढून घेतले. "म्हणजे सारं पाहलं त्यानं. माहा हात पाहत पाहत गेला."

पुण्यात लोक विचारतात, गावी जातेस की नाही? जाते ना. धाडला उतरते, आई चहा ठेवते, आम्ही पडवीत बसतो. ते माझंच घर आहे, दुसरं कुठलं मला नाही. फक्त तिथं आता मी तोंड उघडायला भिते.