मॉरिटानियाची माहेरवाशीण

सांगू की नको, असं करत मी हे बरेच दिवस पोटात ठेवलं होतं. पण गावात ते सगळ्यांना माहीत आहेच. मग तुम्हीच कशाला बाजूला राहायचं?

मी आमच्या गावच्या हायस्कुलात इतिहास-भूगोल शिकवतो. मालवणपासून थोडं आत, खाडीच्या तोंडाशी आमचं गाव. कोणाचा भाचा दुबईला निघाला की वाटेत समुद्र किती लागतो, हे विचारायला लोक माझ्याकडे येतात. आणि मी सांगतो. तिथेच माझा घोळ आहे. विचारलं की मी सांगतो.

गेल्या माघात आग्नेलचा फोन आला. आग्नेल माझा शाळासोबती, आता मासळी परदेशी पाठवतो. गावात रेंज म्हणजे काजूच्या झाडाखाली एक पाय उचलून उभं राहायचं. तसा मी उभा होतो.

"मास्तर, रविवारी माझ्याकडे एक पावणे येतले. मॉरिटानियासून. मोठा मनीस. गावात जरा बरा स्वागत करूक होया. तुमी दोन शब्द बोलशात मा?"

मला यातलं "मॉरि" स्वच्छ ऐकू आलं. पुढचं मी माझ्या ज्ञानातून भरून काढलं. मॉरिशस. दुसरं काय असणार? पिढ्यांमागे आपली कोकणातली माणसं बोटीत बसून तिकडे गेली, आणि त्यांची नातवंडं-पतवंडं अधूनमधून मूळ शोधत येतात, हे मी दरवर्षी वर्गात सांगतो.

"नाव काय पाहुण्यांचं?" मी विचारलं.

"सिदी अंबारेक."

सिद्धी आंबेरकर. आता तुम्हीच सांगा, दुसरं काही ऐकू आलं असतं? आमच्या वाडीत आंबेरकरांची दोन घरं आहेत. आणि आपल्या मालवणीत एक सोय आहे: पाहुणा असेल तर "येतलो", पाहुणी असेल तर "येतली". पण आग्नेल पडला आदबशीर. तो "येतले" म्हणाला, आणि त्या आदबीत सगळं बुडालं. "मोठा मनीस" म्हणजे मोठ्या मनाची, असं मी धरून चाललो.

घरी येऊन बायकोला सांगितलं. शालिनी म्हणाली, "चेडू येकटाच येता? मगे ओटी भरूक होयी. माहेराक येता ता."

संध्याकाळपर्यंत बातमी तिठ्यावर होती. बाळा आंबेरकर माझ्या पडवीत येऊन बसला. "मास्तर, ही सिद्धी आमच्यात खयसून इली?"

मी म्हटलं, "तुझ्या पणजोबांचा धाकटा भाऊ बोटीवर चढून गेला असणार."

मी "असणार" म्हटलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी बाजारात ते "गेला होता" झालं होतं, आणि दुपारपर्यंत त्या भावाला नावही मिळालं होतं.

बाळाचा भाऊ भाई. दोघांच्या मध्ये आंब्याची बाग आणि बागेवरून अबोला. बाळा गेल्यावर भाई आला आणि हळूच म्हणाला, "बागेत वाटो मागूक इली तर?"

"कायद्याने मागू शकते," मी म्हटलं. विचारलं होतं ना.

त्या रात्री दोघं भाऊ कित्येक वर्षांनी एका ओसरीवर बसले. ठरलं असं, की स्वागत इतकं करायचं, की तिला वाटा मागायची लाज वाटली पाहिजे. भाईने हिरवी साडी आणली. बाळाने शाळेच्या पटांगणात मांडव घातला आणि फलक करून आणला: "मॉरिशसच्या माहेरवाशीण सिद्धीताई आंबेरकर यांचे मायभूमीत हार्दिक स्वागत". मजकूर माझा. शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती.

आग्नेल पाहुण्याला आणायला गोव्याला गेला होता, त्यामुळे त्याने यातलं काही पाहिलं नाही.

रविवारी गाडी आली. बायका आरतीचं तबक, शालिनी साडी-नारळ घेऊन पुढे. गाडीतून एक सहा फुटी गृहस्थ उतरले. अंगात निळा, घोळदार, पायापर्यंत झगा, डोक्याला फेटा, गालावर पांढरी दाढी. मागून आग्नेलची भाची रोझी उतरली. ती गोव्यात फ्रेंच शिकवते. पाहुण्यांचं फ्रेंच ती मराठीत सांगणार होती.

शालिनी वाकून गाडीत बघत राहिली. आणखी कोणी उतरेना.

"सिद्धी खंय?" तिने आग्नेलला विचारलं.

"हे काय. सिदी."

शालिनीने पदर सावरला. मग साडी आणि नारळ पाहुण्यांच्या हातात देत रोझीला म्हणाली, "सांग, तुमच्या बायकोक म्हणान." त्यांनी छातीवर हात ठेवून मान लववली. शालिनीने निभावून नेलं. तिथेच मीही थांबायला हवं होतं.

पण मला वाटलं, चूक झाली ती एवढीच: ताई नाही, दादा. आंबेरकर तर आहेत ना? मी उभा राहिलो आणि बोललो. हिंदी महासागरातलं ते इवलंसं बेट. चारी बाजूंनी निळं पाणी. नजर जाईल तिथे ऊस. इंग्रजांच्या हातून मिळवलेलं स्वातंत्र्य, पंतप्रधानांचा कारभार. आणि त्या उसाच्या मातीत मिसळलेला आमच्या आंबेरकरांचा घाम. इथे माझा आवाज भरून आला. पुढच्या रांगेत बाळानेही डोळे पुसले. रोझी दोनदा माझ्याकडे बघून थांबली. मी तिला खूण केली, सांग सांग.

आग्नेल तेवढ्यात फलक वाचत होता. तो मटकन खुर्चीत बसला.

मग पाहुणे उठले. शांतपणे बोलले. रोझी एकेक वाक्य मराठीत आणत होती.

"मास्तरांनी ज्या देशाचं वर्णन केलं तो फार सुंदर आहे. मलाही कधीतरी तो पाहायला आवडेल."

मांडवातली सगळी डोकी माझ्याकडे वळली.

"माझा देश मॉरिटानिया. आफ्रिकेच्या वायव्येला. बहुतेक सगळं सहाराचं वाळवंट. दक्षिणेला एक नदी, तिच्या काठाला शेती. एका अंगाला अटलांटिक समुद्र, बाकी जमीनच जमीन. आमच्यावर राज्य फ्रेंचांचं होतं. ते जायला निघाले तेव्हा आम्ही समुद्राजवळ वाळूत नवी राजधानी उभी केली, नुआकशोत. वाळू अजून रोज घरात येते, बायका रोज झाडून काढतात. राष्ट्राध्यक्ष आम्ही मतं देऊन निवडतो. मधे लष्कराने सत्ता घेतली, तेही आम्ही पाहिलं. आत वाळवंटात जुनी गावं आहेत. उंटांचे तांडे तिथे थांबत. तिथली घरं अजून पणजोबांच्या हाताने लिहिलेल्या पोथ्या सांभाळतात. पण होड्या आमच्याही रंगीत असतात. मासळी किनाऱ्याला लागली की बायकांचा आवाज तुमच्यासारखाच चढतो."

या वाक्याला मांडवाच्या डाव्या बाजूने, जिथे मासळीवाल्या बसल्या होत्या, पहिल्या टाळ्या पडल्या. मग सगळ्यांनी वाजवल्या. एवढा भूगोल आमच्या गावाने इतक्या शांतपणे कधी ऐकला नव्हता. निदान माझ्या तासाला तरी नाही.

बाळा हळूच माझ्या कानाशी आला. "म्हणजे वाटो नाय?"

"नाही."

त्याने भाईकडे बघून मान हलवली, भाईने त्याच्याकडे बघून. ते दोघं आता रोज बोलतात. विषय बहुतेक मी असतो.

चहाच्या वेळी मी खांबाआड उभा होतो. पाहुणे मुद्दाम शोधत आले. माझा हात हातात घेऊन रोझीला काहीतरी म्हणाले.

"मास्तर," रोझी म्हणाली, "ते विचारतायत, तुम्ही शाळेत कुठला विषय शिकवता?"

आजूबाजूला अख्खं गाव चहाचे कप धरून उभं होतं. आग्नेल बघत होता. शालिनी बघत होती.

"सांग," मी म्हटलं, "गणित."

रोझीने सांगितलं. पाहुण्यांचा चेहरा एकदम उजळला. त्यांनी जवळची खुर्ची ओढली, मला बसवलं आणि खिशातून पेन काढलं. मासळीच्या धंद्यात येण्याआधी ते वर्षानुवर्षं शाळेत गणित शिकवत होते, असं रोझी म्हणाली, आणि इतक्या दिवसांनी बरोबरीचा माणूस भेटल्याचा त्यांना फार आनंद झाला होता.