अनंतराव सरांची फुंकायची परीक्षा

लातुरात चाचणी हा शब्द कुणी साधेपणानं घेत नाही. रक्ताची चाचणी करून आलेल्या माणसालाही शेजारी विचारतात, किती आले? त्यात अनंतराव सर म्हणजे जन्मजात परीक्षक. छत्तीस वर्षं त्यांनी शाळेत गणित शिकवलं आणि दर परीक्षेत पोरांच्या खिशातून, बाह्यांतून, पायमोज्यांतून चिठ्ठ्या काढल्या. सर वर्गावर येणार अशी कुणकुण लागली की निम्मी पोरं आधीच बाथरूमला जाऊन खिसे हलके करून यायची. चोरी ती चोरी, तिला माफी नाही, असं सरांचं म्हणणं असे.

अशा माणसानं अडुसष्टाव्या वर्षी स्वतः कॉपी केली. आणि तीही दवाखान्यात.

झालं असं. निवृत्त झाल्यावर सर घराच्या गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत अकरा मुलींना फुकट शिकवायचे. खेड्यापाड्यांतून आलेल्या, शहरात खोली करून राहणाऱ्या मुली. गच्चीला चौतीस पायऱ्या. गेल्या हिवाळ्यापासून विसाव्या पायरीलाच सरांच्या छातीत शिट्टी वाजू लागली. फळ्यावर लिहिता लिहिता अर्ध्या ओळीत दम संपायचा, आणि मुली माना खाली घालून बसायच्या. कारण वर बघितलं की सर चिडायचे. मुलगा वरद पुण्याहून आला होता, त्याच्या कानावर हे गेलं. त्यानं सरळ सांगितलं, "बाबा, छातीच्या डॉक्टरांना दाखवायचं. रिपोर्ट चांगला आला तर शिकवा. नाहीतर वर्ग बंद."

सरांच्या तोंडचं पाणी पळालं. वर्ग बंद म्हणजे दिवसभर पेपर वाचत बसायचं आणि बायकोच्या, म्हणजे इंदूबाईंच्या, स्वयंपाकावर मतं द्यायची. दोन्हींत कुणाचंच भलं नव्हतं.

डॉक्टरीणबाईंनी छाती तपासली, धाप लागली तर ओढायला पंप दिला आणि चार दिवसांनी फुंकायच्या तपासणीला बोलावलं. "त्या सकाळी पंप घेऊ नका, नाहीतर छातीचं खरं काय ते कळणार नाही," असंही बजावलं. निकाल टक्क्यांत येतो, हे त्यांनी सहज सांगितलं, आणि तिथंच घोळ झाला. टक्के म्हटलं की लातूरच्या माणसाचं डोकं ठिकाणावर राहत नाही.

घरी येताना सरांनी फुग्यांचं पाकीट आणलं. सकाळ-संध्याकाळ दहा-दहा फुगे.

"काय करायलात हे?" इंदूबाई म्हणाल्या. "घरात बारसं हाय का कुणाचं?"

"सराव," सर म्हणाले आणि खोकत खाली बसले.

तपासणीच्या दिवशी त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला, हातावर दही-साखर घेतली आणि अर्धा तास आधी जाऊन बसले. आतून औशाकडचे एक म्हातारबाबा बाहेर आले. सरांनी त्यांना गाठलंच. "काय काय विचारलं?"

"विचारलं कायबी न्हाई. फुका म्हनली, म्या फुकलो."

"किती पडले?"

"काय की. पन पोरगी सारकी म्हनत हुती, आनखी, बाबा, आनखी."

म्हणजे कमी पडले होते, हे सरांनी ताडलं. ते उठले, बाथरूममध्ये गेले, दार लावलं आणि खिशातला पंप दोनदा ओढला. लोका सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय!

तपासणी घेणारी शिवानी त्यांचीच जुनी विद्यार्थिनी निघाली. तिनं सरांच्या नाकाला चिमटा लावला, तोंडात नळी दिली आणि ओरडली, "जोरात, सर, जोरात! सोडू नका, आणखी, आणखी!" सर जीव खाऊन फुंकले. पडद्यावर चौऱ्याऐंशी आले. सरांचा चेहरा खुलला.

शिवानी मात्र त्यांच्या हाताकडे बघत होती. बोटं बारीक थरथरत होती, नुकताच पंप ओढल्यावर थरथरतात तशी.

"सर, खिशात काय आहे?"

हा प्रश्न सरांनी जन्मभर दुसऱ्यांना विचारला होता. "किल्ल्या," ते म्हणाले.

"काढा बरं."

पंप टेबलावर आला. शिवानी हसली असती तर सरांना परवडलं असतं. ती हसली नाही.

"नववीत तुम्ही मला चिठ्ठीसकट पकडलं होतं," ती म्हणाली. "तेव्हा म्हणाला होतात, तुझं चुकतं कुठं हेच तू लपवलंस, तर मी तुला शिकवू काय? सर, डॉक्टर हे चौऱ्याऐंशी बघून औषधच देणार नाहीत. मग पुढच्या थंडीत काय कराल?"

सरांना शरमेनं मान वर करवेना. "कमी पडले तर माझ्या पोरी जातील गं," एवढंच ते बोलले.

"हा पेपर रद्द," शिवानी म्हणाली. "परवा या. पंप घरी ठेवून."

तिसऱ्या दिवशी अठ्ठावन्न आले. मग तिनं औषध ओढायला दिलं, पंधरा मिनिटं बसवलं आणि पुन्हा फुंकायला लावलं, एक्याऐंशी. डॉक्टरीणबाई खूश झाल्या. दमा आहे, पण औषधानं छाती मोकळी होते, हाच या फरकाचा अर्थ, असं त्यांनी समजावलं. रोज दोन वेळा औषध, खडूची धूळ नको, आणि सध्या जिने नकोत.

संध्याकाळी वरदचा फोन आला. "अठ्ठावन्न? ठरलं होतं ना बाबा, वर्ग बंद."

इंदूबाईंनी सरांच्या हातातून फोन घेतला. "वर्ग कशाला बंद? जिना बंद! पोरी खाली बैठकीत बसतील. मिरचीची फोडणी त्या गेल्यावर घालीन मी. अजून काही?" आणि उत्तराची वाट न बघता त्यांनी फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी अकरा मुली बैठकीत सतरंजीवर बसल्या. सगळ्यांच्या तोंडावर एकच प्रश्न होता, किती आले? सरांनी घसा साफ केला.

"माझा निकाल लागला. अठ्ठावन्न. आधी चौऱ्याऐंशी आले होते, पण ते मी कॉपी करून मिळवलेले."

सरांच्या तोंडून असलं काही कुणी कधी ऐकलं नव्हतं. मग मागे बसलेल्या रेणापूरच्या ऋतुजानं दप्तर उघडलं, पार तळातून घडी घालून घालून चुरगळलेला कॉलेजचा पेपर काढला आणि सरांसमोर ठेवला.

"सर, मला लई कमी पडले. तीन आठवडे झाले, कुनालाच दाखवला न्हाई."

सर तिच्याशेजारी सतरंजीवर बसले. पेपरच्या कोपऱ्यातला लाल आकडा त्यांनी अंगठ्यानं झाकला आणि म्हणाले, "कुठं अडलीस, ते दाखव."